जिभेला लगाम: ख्रिस्ती माणसाच्या बोलण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यास संपला की दाराशी थांबून, चिठ्ठीतून, कधी रात्री उशिरा फोनवर हे प्रश्न येत राहतात. शब्द वेगळे असतात, पण आतला सल बहुतेक वेळा एकच असतो: "मी असे का बोललो?" सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अवघड नंतर. एकाचे उत्तर दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. खून, चोरी, व्यभिचार यांच्यापुढे बोलण्यातली चूक किरकोळ नाही का? बायबल तिला एवढे महत्त्व का देते?

दहा आज्ञांपैकी दोन थेट तोंडाशी संबंधित आहेत: देवाचे नाव व्यर्थ घेऊ नको आणि शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. जिभेच्या हाती मरण आणि जीवन आहे, असे नीतिसूत्रे 18:21 म्हणते. याकोबाने तर नव्या करारातल्या आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेला आग म्हटले आणि ती नरकाने पेटते असे लिहिले. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'गेहेन्ना' हा शब्द आहे. नव्या करारात हा शब्द 12 वेळा येतो. त्यातले 11 वेळा येशूच्या तोंडी आणि उरलेला एकदा इथे, जिभेबद्दल.

याच्याही मागे एक कारण आहे. उत्पत्तीच्या पहिल्या पानावर देव बोलतो आणि सृष्टी होते. योहान आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच ओळीत ख्रिस्ताला 'शब्द' म्हणतो. बोलणाऱ्या देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला वाणी मिळाली आहे, म्हणून ती हलक्या हाताने वापरायची वस्तू नव्हे.

2. जीभ आवरायची म्हणजे कमी बोलायचे का? माझा स्वभावच बोलका आहे.

बोलका स्वभाव पाप नाही आणि अबोल माणूस आपोआप पवित्र ठरत नाही. याकोबाचेच दाखले पाहा: घोड्याचा लगाम आणि जहाजाचे सुकाणू. लगाम घालतात तो घोडा चालवण्यासाठी. त्याला तबेल्यात ठेवायचे असते तर दोरी पुरली असती. सुकाणूही जहाज बंदरात अडकवून ठेवायला नसते.

इफिसकरांस 4:29 मध्ये पौल आधी म्हणतो, तोंडातून कुजके भाषण निघू नये. कुजलेल्या फळाला किंवा टाकून द्यायच्या मासळीला वापरतात तोच ग्रीक शब्द त्याने इथे घेतला आहे. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. ऐकणाऱ्याची गरज पाहून त्याची उन्नती करणारे तेच निघावे, असे पुढे सांगतो. 'उन्नती' हा शब्द मुळात घर बांधण्याचा आहे. म्हणजे मोजमाप शब्दांच्या संख्येचे नाही. समोरच्याचे काही उभे राहिले की पडले, एवढे पाहायचे. दिवसभर गप्प बसून कुणालाच आधार न देणाऱ्याने या वचनाचा अर्धाच भाग पाळला.

3. "जीभ कोणीही माणूस वश करू शकत नाही" असे याकोबच म्हणतो (3:8). मग प्रयत्न तरी कशाला करायचा?

हा प्रश्न थकलेल्या माणसांकडून येतो, म्हणून सावकाश उत्तर देतो.

तोच याकोब 1:26 मध्ये म्हणतो की, जो स्वतःला धार्मिक समजतो पण जिभेला लगाम घालत नाही, त्याचे धर्माचरण व्यर्थ आहे. म्हणजे जबाबदारीही सुटत नाही आणि आपल्या ताकदीवर भिस्तही ठेवता येत नाही. या दोन वाक्यांच्या चिमट्यात सापडल्यावरच माणूस खरी प्रार्थना करू लागतो.

येशूने मूळ दाखवले आहे. अंतःकरणात जे भरलेले असते तेच तोंडावाटे बाहेर पडते (मत्तय 12:34). माझे वडील आजारी असताना एका रात्री चौथ्यांदा हाक मारली म्हणून मी त्यांच्यावर ओरडलो: "तुम्हाला दुसऱ्याची झोप दिसतच नाही!" नंतर पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होतो की मी थकलो होतो, म्हणून तसे बोललो. थकवा खरा होता. पण थकव्याने ते वाक्य तयार केले नव्हते. 'माझ्यावर अन्याय होतोय' ही भाषा मी आतल्या आत कितीतरी आठवडे घोकत होतो. थकव्याने फक्त दार उघडे टाकले. ते लक्षात आल्यावर जिभेसाठी प्रार्थना करायचे सोडून मी त्या कुरकुरीसाठी प्रार्थना करू लागलो, आणि बोलणे हळूहळू मऊ झाले.

यशयाने देवाचे गौरव पाहिले तेव्हा त्याला स्वतःचे ओठ अशुद्ध असल्याची जाणीव झाली (यशया 6). त्याने ते स्वतः धुतले नाहीत. देवाच्या सिंहासनापाशी असणाऱ्या सराफीम नावाच्या स्वर्गीय सेवकांपैकी एकाने वेदीवरचा निखारा आणून त्याच्या ओठांना लावला, आणि त्यानंतरच तो म्हणाला, "मला पाठव."

4. पण शब्द ओठांवर आलेला असतो त्या क्षणी काय करायचे?

त्या क्षणी फारसे काही जमत नाही. तयारी आधी करावी लागते. स्तोत्र 141:3 मधली प्रार्थना, परमेश्वराने तोंडावर पहारा बसवावा आणि ओठांचे दार सांभाळावे, ही सकाळी घरातले पहिले वाक्य बोलण्याआधी म्हणावी. पहारेकरी चोर येण्याआधी उभा असावा लागतो.

आपण सर्वांत वाईट कोणाशी बोलतो, ते नाव एकदा कागदावर लिहून पाहा. बहुतेकांच्या कागदावर घरातल्या माणसाचे नाव येते, कारण तिथे आपल्याला किंमत मोजावी लागत नाही. मग त्याच एका माणसापुरता, दिवसातल्या त्याच एका वेळेपुरता सराव करा. सगळे बोलणे एकदम सुधारायला निघालेला माणूस आठवड्यात हात टेकतो. इजिप्तच्या वाळवंटातले साधू अगाथोन मौन अंगी बाणेपर्यंत तीन वर्षे तोंडात खडा ठेवून राहिले, असे त्यांच्याबद्दल सांगतात. तुम्ही खडा ठेवा असे मी म्हणणार नाही. ही सवय सावकाश लागते, एवढे त्यावरून कळावे.

आणि ऐका. ऐकायला तत्पर, बोलायला धीमे, रागाला मंद (याकोब 1:19): यातली पहिली पायरी ऐकण्याची आहे. ऐकून घेण्याआधी उत्तर देणे हा मूर्खपणा आणि लाज आहे, असे नीतिसूत्रे 18:13 रोखठोक सांगते.

5. मी जे सांगितले ते शंभर टक्के खरे होते. तरी ती चहाडी कशी?

खरेपणा पुरेसा नसतो. कॅथलिक नीतिशिक्षणात इथे जुना आणि उपयोगी भेद केला जातो: खोटे सांगून एखाद्याचे नाव बिघडवणे हे एक पाप, आणि योग्य कारण नसताना त्याचे खरे दोष माहीत नसलेल्यांपुढे उघडे करणे हे दुसरे. दोन्हीत त्या माणसाचे नाव जाते. नीतिसूत्रे 11:13 मधला चहाडखोर खोटे बोलतो असे म्हटलेले नाही. तो गुप्त गोष्ट फोडतो. लाकूड संपले की आग विझते, चहाडखोर नसला की भांडण मिटते (26:20), यातही बातमी खरी की खोटी हा मुद्दाच नाही.

मार्टिन ल्यूथर 1529 च्या छोट्या प्रश्नोत्तरावलीत खोट्या साक्षीच्या आज्ञेचा अर्थ सांगताना आणखी पुढे जातो: शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याबद्दल चांगले बोलावे आणि त्याच्या वागण्याचा शक्य तितका चांगला अर्थ लावावा. हे शेवटचे मला सर्वांत जड जाते. आपण लोकांच्या वागण्याचा अर्थ लावताना फार लवकर सर्वांत वाईट अर्थावर येऊन पोचतो.

डीट्रिख बोनहॉफर 1935 ते 1937 या काळात जर्मनीत फिंकेनवाल्ड इथे पाळकांचे प्रशिक्षण चालवत होते. तिथे एक नियम होता: गैरहजर सोबत्याविषयी बोलायचे नाही, आणि बोललेच तर नंतर जाऊन त्याला तसे सांगायचे. नियमाचा दुसरा भाग एकदा पाळून पाहा. पहिला आपोआप पाळला जाईल.

तक्रार, साक्ष, सावध करणे यांची गोष्ट वेगळी आहे. त्यासाठी प्रश्न 10 पाहा.

6. "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते" असे म्हणून एखाद्याची अडचण मंडळीत सांगितली तर?

त्या व्यक्तीची परवानगी घेतली आहे का? नसेल तर "एका कुटुंबासाठी प्रार्थना करा" एवढे पुरते. देवाला नाव आणि तपशील आधीच ठाऊक आहेत. मी असेही पाहिले आहे की अशा विनंतीनंतर प्रार्थना दोन मिनिटे होते आणि चर्चा अर्धा तास.

7. दुसरे कोणी माझ्यापाशी निंदा करू लागले तर मी काय करू? उठून जाणे उद्धटपणाचे वाटते.

हिप्पोचे बिशप ऑगस्टिन यांच्या जेवणाच्या मेजावर, गैरहजर माणसाची निंदा करणाऱ्याला या मेजावर जागा नाही अशा अर्थाच्या ओळी लिहिलेल्या होत्या. त्यांच्यासोबत राहिलेले पोसिदियस सांगतात की एकदा पाहुणे आलेले बिशपच तो नियम मोडू लागले, तेव्हा ऑगस्टिन म्हणाले की एकतर या ओळी पुसा, नाहीतर मी उठून जातो.

आपल्याला एवढे जमले नाही तरी "हे तुम्ही त्यांच्याशी बोललात का?" हा प्रश्न शांतपणे विचारता येतो. मात्र सांगणारा दुखावलेला असेल, रडत असेल, तर तो निंदा करतोय असे धरून चालू नका. जखम दाखवणे म्हणजे चहाडी नव्हे. आधी ऐका.

8. मी तोंडावर खरे बोलतो, लोकांना ते झोंबते. सत्य बोलायला बायबलच सांगते ना?

सांगते, आणि कसे तेही सांगते: प्रेमाने (इफिसकरांस 4:15). फटकळपणाला प्रामाणिकपणाचे नाव देणे ही आपल्यातली जुनी पळवाट आहे. मित्राने केलेले घाव विश्वासाचे असतात, असे नीतिसूत्रे 27:6 म्हणते. पण त्यासाठी आधी मित्र असावे लागते.

नाथानाने दावीदाला त्याचे पाप कसे दाखवले ते 2 शमुवेल 12 मध्ये वाचा. राजाने व्यभिचार आणि खून केला होता. संदेष्ट्याने गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, राजाचा न्यायाचा संताप जागा होऊ दिला आणि मग म्हणाला, "तो मनुष्य तूच आहेस." सत्यात काडीची कपात नव्हती, पण ऐकणाऱ्याला ते स्वीकारता येईल अशी वाट त्याने कष्टाने बांधली होती. ते कष्ट न घेता फक्त मोकळे व्हायचे असेल, तर आपण सत्यासाठी बोलत नसतो.

9. येशूने परुश्यांना 'सापांनो' म्हटले, हेरोदाला 'कोल्हा' म्हटले. मग मला कठोर बोलायला हरकत का?

तो कोणासाठी कठोर झाला ते पाहा. मत्तय 23 मधले शब्द लोकांच्या खांद्यावर जड ओझी लादणाऱ्या सत्ताधारी धर्मपुढाऱ्यांसाठी आहेत, आणि तो अध्याय यरुशलेमेबद्दलच्या विलापाने संपतो. स्वतःची निंदा झाली तेव्हा त्याने उलट निंदा केली नाही (1 पेत्र 2:23). आपले नेमके उलटे असते: स्वतःचा अपमान झाला की जीभ धारदार, दुसऱ्यावर अन्याय झाला की मवाळ.

पौलाची एक गोष्ट इथे फार बोलकी आहे. न्यायसभेत त्याच्या तोंडात मारायचा हुकूम झाला, तेव्हा तो हुकूम देणाऱ्याला "चुना लावलेल्या भिंती" म्हणाला. तो महायाजक आहे असे कळताच त्याने तिथल्या तिथे, सर्वांदेखत आपली चूक मान्य करून शास्त्रवचन उद्धृत केले (प्रेषितांची कृत्ये 23:1-5). स्वतःवर अन्याय होत असतानाही आपले वाक्य मागे घेता येते.

10. मंडळीतल्या एका वजनदार माणसाने माझ्याशी गैरवर्तन केले. "जिभेला आवर घाल, भावाची निंदा करू नको" असे मला सांगतात. मी गप्प राहू का?

नाही.

या एका प्रश्नासाठी बाकीचे सगळे लिहिले असते तरी चालले असते. जिभेविषयीची वचने दुखावलेल्याचे तोंड बांधण्यासाठी वापरली जातात, तेव्हा त्या वचनांचीच विटंबना होते. नीतिसूत्रे 31:8 आज्ञा देते की मुक्या माणसासाठी आपले तोंड उघड. लेवीय 5:1 नुसार ज्याने काही पाहिले किंवा ज्याला काही ठाऊक आहे आणि बोलावले असता जो साक्ष देत नाही, त्याच्यावर दोष राहतो. म्हणजे गप्प बसणे हेही जिभेचे पाप असू शकते.

"आधी त्याला एकट्याने भेट, मत्तय 18:15 तसेच सांगते," असे तुम्हाला कोणी सुनावेल. त्या वचनात भावाने भावाचा अपराध केला आहे आणि त्याला मिळवून घ्यायचे आहे. ज्याच्यापासून धोका आहे त्याच्यासमोर पीडिताने पुन्हा एकटे जाऊन बसावे, असे तिथे म्हटलेले नाही. वडिलांच्या, म्हणजे पुढाऱ्यांच्या, पापाबद्दल पौलाची सूचना आणखी स्पष्ट आहे: आरोप साक्षीदारांनी पडताळावा, आणि जे पाप करत राहतात त्यांना सर्वांसमोर दोष द्यावा (1 तीमथ्य 5:19-20). गुन्हा घडला असेल तर पोलिसांकडे जाणे हे विश्वासाच्या विरुद्ध नाही; शासनाला न्यायासाठी देवाने नेमले आहे असे रोमकरांस 13 सांगते. लहान मूल काही सांगत असेल तर मंडळीच्या बैठकीची वाटसुद्धा पाहू नका.

तुम्ही कोणाला सांगता, कशासाठी सांगता, एवढे भान ठेवा: जो थांबवू शकतो, जो तुम्हाला सांभाळू शकतो, ज्याला पुढे धोका आहे. "मंडळीचे नाव खराब होईल" या भीतीची जबाबदारी तुमच्यावर नाही. नाव खराब करणारे कृत्य दुसऱ्याने केले आहे.

11. जीव वाचवण्यासाठी खोटे बोलले तर चालते का?

यावर ख्रिस्ती विचारवंतांचे कधीच एकमत झालेले नाही. ऑगस्टिन यांनी खोट्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि कोणतेही खोटे पापच, काही मात्र जास्त क्षम्य, अशी भूमिका घेतली. दुसऱ्या बाजूला शिफ्रा आणि पुवा या सुइणी आहेत. फारोने मारायला सांगितलेली इब्री मुले त्यांनी वाचवली, फारोला वळणाचे उत्तर दिले, आणि देवाने त्यांचे भले केले (निर्गम 1). यरीहोतल्या राहाबेने इस्राएलाच्या हेरांना लपवून त्यांना शोधणाऱ्यांना भलती दिशा सांगितली, तरी इब्री 11 तिच्या विश्वासाची वाखाणणी करते. ऑगस्टिन यांचे उत्तर असे की त्यांच्या दयेला बक्षीस मिळाले, खोट्याला नव्हे. मला ते पूर्ण पटत नाही. खुन्याला सत्य मागण्याचा हक्क उरतो असे मला वाटत नाही.

सगळे न सांगणे आणि खोटे सांगणे यांत फरक आहे, याबद्दल मात्र शंका नको. शौल राजाच्या भीतीने शमुवेल संदेष्टा नव्या राजाचा अभिषेक करायला जायला कचरला, तेव्हा यज्ञाला आलो आहे असे सांग, असे परमेश्वरानेच त्याला सुचवले (1 शमुवेल 16:2). ते खरे होते, पूर्ण नव्हते. एक विनंती: सुइणींचे उदाहरण घेऊन रजेच्या अर्जात खोटे कारण लिहू नका.

12. रागात शिवी जाते, किंवा "देवाशपथ" सहज तोंडात येते. हे कितपत गंभीर?

शिवीचे गांभीर्य याकोब 3:9-10 मध्ये आहे: ज्या तोंडाने देवाची स्तुती, त्याच तोंडाने देवाच्या प्रतिरूपाला शाप. शपथेबद्दल येशूने म्हटले की तुमचे होय ते होय आणि नाही ते नाही असावे (मत्तय 5:37). ज्याच्या साध्या शब्दावर लोकांचा विश्वास आहे त्याला शपथेची गरजच पडत नाही. क्वेकर पंथाने या वचनावरून न्यायालयातही शपथ घ्यायला नकार दिला. बहुतेक मंडळ्या न्यायालयातली शपथ मान्य करतात.

13. दुःखात मी देवाला फार वाईट बोललो. हे पाप मोजले जाईल का?

ईयोब, यिर्मया आणि कितीतरी स्तोत्रकर्ते तुमच्या आधी तसे बोलले. स्तोत्र 88 तर अंधारातच संपते, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले आहे. अरण्यात इस्राएल देवाविषयी आपापसात कुरकुरले. स्तोत्रकर्ता थेट देवाशी भांडतो. भांडणाऱ्याने तोंड देवाकडेच केलेले असते. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग त्याला दोष देणाऱ्या मित्रांवर होतो. सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट बसले होते तोवर सगळे ठीक होते.

14. मनात नको असताना पवित्र आत्म्याविरुद्ध शब्द येतात. मी अक्षम्य पाप केले का?

पवित्र आत्म्याच्या निंदेची क्षमा होणार नाही, ही ताकीद मत्तय 12 मध्ये ज्यांना मिळाली, त्यांनी डोळ्यांसमोर बरा झालेला माणूस पाहूनही जाणूनबुजून ते सैतानाचे काम ठरवले होते. तुम्ही त्या शब्दांना घाबरता, ते नकोसे वाटतात. कठीण झालेले मन असे रडत नाही. नको असलेला विचार येणे आणि बोलणे या एकच गोष्टी नाहीत. हे विचार दिवसभर छळत असतील, पुन्हा पुन्हा कबुली दिल्याशिवाय चैन पडत नसेल, तर पाळकाबरोबर मानसोपचारतज्ज्ञालाही भेटा. हा उपचाराने बरा होणारा त्रास असू शकतो, आणि उपचार घेणे ही विश्वासातली उणीव नव्हे.

15. मोबाइलवर टाइप केलेले, पुढे पाठवलेले यालाही हे लागू होते?

होते. नीतिसूत्रे 18:17 मला इथे रोज उपयोगी पडते: पहिला बोलतो तो खरा वाटतो, दुसरा येऊन तपासेपर्यंत. दुसरी बाजू न ऐकता पुढे पाठवलेला संदेश ही ऐकीव साक्ष आहे. बाकी प्रश्न 5 मधलेच.

16. बोलून गेलो. आता माफी कशी मागू?

"तुला वाईट वाटले असेल तर" हे शब्द वगळून. काय बोललो ते सांगावे, ते चूक होते म्हणावे, आणि "पण" यायच्या आत थांबावे. वेदीवर अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असे येशू म्हणतो (मत्तय 5:23-24). उपासनेपेक्षाही याची घाई आहे.

ज्याच्या पाठीमागे बोललो त्याला ते कळलेलेच नसेल, तर? तिथे मी सावध असतो. आपले मन हलके करण्यासाठी त्याच्या छातीत नवा काटा रुतवू नये. ज्यांच्यापुढे बोललो त्यांच्याकडे जाऊन शब्द मागे घ्यावेत, हे आधीचे आणि अवघड काम आहे.

पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले ते कोळशाच्या शेकोटीजवळ. पुनरुत्थानानंतर समुद्रकिनारी प्रभूने त्याला तीनदा विचारले, "माझ्यावर प्रेम करतोस का?" आणि तिथेही कोळशाचा विस्तव होता. नव्या करारात कोळशाच्या विस्तवाचा तो शब्द या दोनच ठिकाणी आहे (योहान 18:18, 21:9). जिथे शब्द मोडला, तशाच जागी तो पुन्हा बोलायला मिळाला.

17. ज्याच्याबद्दल बोललो तो माणूस आता हयात नाही. माफी कोणाकडे मागू?

दावीदाने पाप कबूल केले तेव्हा, ज्याचा त्याने खून करवला होता तो उरीया मेलेला होता. स्तोत्र 51 देवापुढे आहे, कारण त्याला दुसरीकडे जायला जागाच उरली नव्हती, आणि देवाने ते ऐकून घेतले. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा, मोठ्याने, नाव घेऊन. मग हे पाहा की तुमचा तो शब्द अजून कोण वागवतो आहे. त्याच्या मुलांच्या कानावर तो गेला असेल तर त्यांच्या घरी जा आणि सांगा: "तुमच्या वडिलांबद्दल मी जे बोललो होतो, ते खरे नव्हते."